वारं गेलं, फिट आली, हात थरथरतो: मेंदूचा आजार ओळखताना आधी घड्याळ बघा

पुण्यात जानेवारी २०२५मध्ये सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) रुग्ण सापडू लागले आणि संशयितांसह आकडा दोनशेच्या वर गेला. तेव्हापासून नाशिकमध्येही पायाला मुंग्या आल्या की लोकांना धस्स होतं. मुंग्यांची कारणं पन्नास असतात. मांडी घालून तासभर बसलं तरी मुंग्या येतात, वीस वर्षांच्या मधुमेहातही येतात. मग घाबरायचं कधी?

डोक्याचा आणि नसांचा कुठलाही आजार आपल्याकडे एकाच पोत्यात भरला जातो. 'वारं गेलं', 'नस दबली', 'डोक्यात गाठ झाली', नाहीतर 'बाहेरचं आहे'. मेंदूविकारतज्ज्ञ मात्र रुग्ण खुर्चीत बसायच्या आतच मनात दोन प्रश्न मांडतात. बिघाड कुठे आहे, आणि तो किती वेळात आला? पहिल्या प्रश्नाला शरीररचनेचा अभ्यास लागतो. दुसऱ्याचं उत्तर घरातल्या कुणालाही देता येतं, आणि निम्मं निदान त्यातच असतं. सेकंदांत आलेला आजार वेगळा, चार दिवसांत वाढलेला वेगळा आणि चार वर्षं मुरलेला वेगळा. पुढचं सगळं त्याच क्रमाने.

धरण भरलेलं आहे, नळ कोरडा आहे

मेंदूचं वजन साधारण १.३ ते १.४ किलो, म्हणजे शरीराच्या जेमतेम दोन टक्के. पण शरीर वापरतं त्यातला सुमारे वीस टक्के प्राणवायू हा एकटा घेतो. त्याच्याजवळ साठवण जवळजवळ नाही. हाताचा रक्तपुरवठा पंधरा मिनिटं तुटला तर हात बधिर होतो आणि मग पूर्ववत होतो. मेंदूला अशी सवलत नसते.

गंगापूर धरण शंभर टक्के भरलेलं असलं तरी सिडकोकडे जाणारी जलवाहिनी फुटली तर सिडकोतले नळ कोरडे पडतात आणि पंचवटीत पाणी सुरू राहतं. मेंदूतही प्रत्येक रक्तवाहिनीची आपली वस्ती ठरलेली आहे. जी वाहिनी बंद पडेल त्या वस्तीचं काम थांबतं. डावा मेंदू शरीराची उजवी बाजू चालवतो आणि बहुतेकांची भाषाही तिथेच असते. म्हणून उजवा हात लुळा पडलेल्या माणसाची बोलतीही अनेकदा बंद होते.

सेकंदांत आलेलं: 'वारं' म्हणजे स्ट्रोक

अंगावरून वारं जाणं, लकवा, अर्धांगवायू, पक्षाघात ही एकाच गोष्टीची नावं. वाऱ्याचा त्यात काही संबंध नाही. दहातल्या साधारण आठ जणांत मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झालेली असते, उरलेल्यांत ती फुटलेली असते. दोन्हींत माणूस जेवता जेवता, बोलता बोलता कोसळतो.

ओळखण्यासाठी एक मिनिट पुरतं. हसायला सांगा, तोंडाची एक बाजू खाली राहते का बघा. डोळे मिटून दोन्ही हात समोर उचलून दहा सेकंद धरायला सांगा, एक हात खाली घसरतो का बघा. 'आज गंगेवर गर्दी आहे' एवढं वाक्य म्हणून घ्या, शब्द लडबडतात किंवा भलतेच येतात का ऐका. अचानक एका बाजूचं दिसेनासं होणं, अचानक तोल जाऊन उभंच राहता न येणं हीसुद्धा स्ट्रोकची लक्षणं आहेत, आणि तीच जास्त वेळा 'पित्त झालं असेल' म्हणून निसटतात. आयुष्यात कधी दुखलं नाही इतकं डोकं एका मिनिटात शिगेला पोचलं तर वाहिनी फुटल्याची शंका घ्यायची.

मोठी वाहिनी बंद पडली तर मिनिटाला सरासरी १९ लाख पेशी मरतात, असा एक मान्य अंदाज आहे. मेंदूत एकूण पेशी ८,६०० कोटींच्या आसपास, त्यामुळे हा आकडा ऐकून सगळं संपलं असं वाटायला नको. पाणी तुटलेली द्राक्षबाग आठवा. काही वेली वाळून जातात, पण त्यांच्या भोवतालच्या बऱ्याच नुसत्या मलूल झालेल्या असतात आणि वेळेत पाणी आलं तर त्या पुन्हा उभ्या राहतात. स्ट्रोकच्या उपचाराची सगळी धडपड या मलूल पेशींसाठी असते. वाळलेल्या परत येत नाहीत.

गुठळी विरघळवायचं इंजेक्शन, अल्टेप्लेज किंवा टेनेक्टेप्लेज, लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. वाहिनी मोठी असेल तर जांघेतल्या रक्तवाहिनीतून तार घालून गुठळी ओढून काढतात. त्याला सहसा सहा तास, आणि स्कॅनमध्ये मलूल भाग अजून वाचण्यासारखा दिसला तर निवडक रुग्णांत चोवीस तासांपर्यंत मुभा असते.

घड्याळ सुरू होतं ते माणूस शेवटचा ठीक कधी दिसला तिथून. रात्री अकराला झोपलेला माणूस सकाळी सहाला लुळा उठला, तर वेळ अकरापासून मोजतात. तरीही 'आता काय उपयोग' म्हणून घरी ठेवू नका. अशा रुग्णांतही विशेष स्कॅन करून काहींना उपचार देता येतात.

सुरगाण्याचं गणित

साडेचार तास भरपूर वाटतात. सुरगाण्याच्या पलीकडच्या पाड्यावरून नाशिक गाठायचंय असं धरा. काहीतरी गडबड आहे हे कळायला पंधरा मिनिटं, गाडी मिळायला अर्धा तास, घाटरस्त्याने अडीच तास, रुग्णालयात तपासणी, सीटी स्कॅन आणि इंजेक्शनची तयारी यात एक तास. झाले सव्वाचार. शिल्लक पंधरा मिनिटं. त्यात 'आधी ओळखीच्या डॉक्टरांना दाखवू', 'एक सलाईन लावून बघू', 'थोरल्याला मुंबईहून येऊ दे' यातलं एकही बसत नाही.

म्हणून १०८ला फोन करतानाच दुसऱ्या फोनवरून रुग्णालयाला तीन प्रश्न विचारायचे. सीटी मशीन आत्ता चालू आहे का, गुठळीचं इंजेक्शन उपलब्ध आहे का, ते देणारे डॉक्टर हजर आहेत का? तिन्हींना 'हो' म्हणणारं रुग्णालय पाच किलोमीटर लांब असलं तरी जवळचं. निघताना रोजच्या गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर ते पहिल्या वाक्यात सांगा, कारण त्यावर इंजेक्शन द्यायचं की नाही हे ठरतं.

'पण सीटी तर नॉर्मल आला!'

ही तक्रार सतत ऐकू येते. हात हलत नाही आणि डॉक्टर नॉर्मल सीटी बघून हजारो रुपयांचं इंजेक्शन द्यायचं म्हणतात, तेव्हा नातेवाइकांना संशय येतो. गुठळीच्या स्ट्रोकमध्ये पहिल्या काही तासांत सीटीवर बहुधा काही दिसतच नाही. तो काढतात रक्तस्राव नाही ना हे बघायला. रक्तस्राव सीटीवर लगेच पांढरा दिसतो. सीटी स्वच्छ आणि हात लुळा, म्हणजे गुठळी धरून चालायचं आणि घाई करायची. इंजेक्शनला धोका आहेच: शंभरात दोन ते सात जणांना मेंदूत रक्तस्राव होऊन प्रकृती बिघडू शकते. तो धोका मांडूनच संमतीपत्रावर सही मागतात. सही करायची की नाही यावर बाहेर अर्धा तास खल चालला, तर तोही मलूल वेलींच्या हिशेबातून जातो.

घरी केलेली मदत कशी अंगाशी येते

ॲस्पिरिन हार्ट अटॅकमध्ये देतात म्हणून इथेही देतात. पण वाहिनी फुटलेली असेल तर ॲस्पिरिनने रक्तस्राव वाढू शकतो, आणि फुटली की बुजली हे घरी कळायला मार्ग नाही. बीपी १९०/१०० दिसला म्हणून जिभेखाली गोळी देणं आणखी वाईट. गुठळीच्या पलीकडे थोडंफार रक्त ढकलायला शरीरानेच तो दाब वाढवलेला असतो. तो धाडकन उतरवला की मलूल भाग वाळतो. पाणी पाजू नका, कारण गिळण्याचे स्नायूही लुळे असू शकतात आणि ते पाणी फुप्फुसात उतरतं. मधुमेही असेल तर मात्र साखर जरूर तपासा. साखर फार उतरली तरी हुबेहूब लकव्यासारखं दिसतं, आणि ती वर आणली की काही मिनिटांत माणूस ठीक होऊ शकतो.

लकव्यावर कबुतराचं रक्त चोळतात, त्याबद्दल एवढंच, की बिघाड डोक्यात आहे आणि रक्त दंडावर चोळलं जातंय.

दहा मिनिटांत हात परत हलायला लागला, बोलणं सुधारलं, तर? याला मिनी स्ट्रोक म्हणतात. गुठळी आपोआप सरकली. लोक सुटकेचा श्वास सोडतात आणि घरी थांबतात, पण पुढचे ४८ तास मोठ्या स्ट्रोकच्या दृष्टीने सगळ्यात धोक्याचे असतात. त्याच दिवशी दाखवायचं.

तोंड वाकडं, पण कपाळ?

निफाडचा पारा एक आकड्यावर आला की 'गार वाऱ्याने तोंड वाकडं झालं' म्हणून माणसं येतात. यातल्या बऱ्याच जणांना स्ट्रोक नसतो, चेहऱ्याची एक नस सुजलेली असते. याला बेल्स पाल्सी म्हणतात. फरक कपाळावर दिसतो. भुवया उंचावायला सांगा. स्ट्रोकमध्ये कपाळावर दोन्हीकडे आठ्या पडतात, कारण कपाळाला मेंदूच्या दोन्ही अर्ध्या भागांतून तारा येतात. नस सुजली असेल तर त्या बाजूचं कपाळ सपाट राहतं आणि डोळाही पूर्ण मिटत नाही. स्टेरॉइडच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर फायदा होतो, आणि बहुतेक जण बरे होतात. खरी जपायची गोष्ट डोळा. दिवसा थेंब, रात्री मलम आणि पापणीवर कागदी चिकटपट्टी, नाहीतर बुबुळ कोरडं पडून जखम होते. हात-पायही अडखळत असेल तर कपाळ बघत बसू नका, निघा.

फिट: सगळे ढोल एकाच ठेक्यावर

मेनरोडवर सकाळी हजार आवाज असतात. भाजीवाला, रिक्षा, शाळेची घंटा, आणि प्रत्येक आवाज आपापल्या कामाचा. तेवढ्यात नाशिक ढोलचं पथक आत शिरलं की बाकी काही ऐकू येत नाही. फिट, आकडी, फेफरं, मिरगी यात हेच होतं. एरवी वेगवेगळं बोलणाऱ्या मेंदूच्या पेशी एकाच ठेक्यावर धडाडायला लागतात. पथक पूर्ण शहरात शिरलं तर माणूस बेशुद्ध होऊन हातपाय झाडतो. एकाच गल्लीत वाजलं तर नुसता अंगठा उडतो, किंवा मूल दहा सेकंद शून्यात बघत राहतं आणि शाळेत 'लक्ष नाही' म्हणून मार खातं.

आता कांदा. लासलगावचा असो की कळवणचा, फिट थांबवण्याचा गुण कुठल्याच कांद्यात नाही, चपलेत नाही आणि हातात दिलेल्या किल्लीतही नाही. 'आम्ही स्वतः बघितलंय, कांदा लावला आणि थांबली', हे सांगणारे खोटं बोलत नाहीत. बहुतेक फिट एक ते तीन मिनिटांत आपोआप थांबतात. कुणीतरी ओरडणार, कुणीतरी घरात धावणार, कांदा फोडून आणणार, याला साधारण तेवढाच वेळ लागतो.

करायचं ते असं. पहिल्यांदा घड्याळ बघा. आजूबाजूचं टणक सामान बाजूला करा, डोक्याखाली काहीतरी मऊ सारा, गळ्याशी घट्ट असलेलं सैल करा. जमेल तसं, आणि झटके थांबल्यावर नक्की, कुशीवर वळवा, म्हणजे लाळ आणि उलटी बाहेर पडेल. हातपाय दाबून धरू नका, खांदा निखळतो. दातांत चमचा घालू नका. जीभ गिळली जात नसते, दात मात्र तुटतात आणि तुटलेला तुकडा श्वासनलिकेत जातो. पाच मिनिटं झाली तरी थांबली नाही, शुद्धीवर यायच्या आत दुसरी आली, पहिल्यांदाच आली, पाण्यात आली किंवा बाई गरोदर आहे, तर १०८. येत्या सिंहस्थात रामकुंडावरच्या गर्दीत हे कुणालाही करावं लागू शकतं, आणि तिथलं पहिलं काम म्हणजे गोल करून उभे राहिलेले बघे मागे सारणं.

वारंवार फिट येणाऱ्यांच्या घरी मिडाझोलॅमचा नाकात मारायचा फवारा ठेवता येतो. वजनानुसार किती फवारे, हे डॉक्टरांकडून बाटलीवरच लिहून घ्या. ऐन वेळी कागद सापडत नाही.

औषधांनी दहातल्या जवळपास सात जणांची फिट आटोक्यात येते. बिघडतं ते दोन ठिकाणी. सहा महिने फिट नाही म्हणून गोळी अचानक बंद करणं, आणि रात्रभर जागणं. नवरात्रात सप्तशृंगी गडावरचं जागरण, सोबत कडक उपास आणि उपासामुळे चुकलेली गोळी, हा फिट ओढवून घेण्याचा हमखास मार्ग. गोळी पाण्याच्या घोटाबरोबर घेतल्याने उपास मोडत नाही, एवढं घरातल्या मोठ्यांनी म्हटलं तरी पुरे. लग्नाच्या वयातल्या मुलींना व्हॅल्प्रोएट हे फिटचं औषध चालू असेल तर गरोदरपणाच्या आधीच डॉक्टरांशी बोलायला हवं, कारण या औषधाने गर्भात दोष येण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त आहे. परस्पर बंद मात्र करायचं नाही. आणि फिट येते म्हणून लग्नच होऊ शकत नाही, हा कायद्याचा धाक आता उरलेला नाही. हिंदू विवाह कायद्यातल्या अटींमधून अपस्माराचा, म्हणजे फिटच्या आजाराचा, उल्लेख १९९९च्या दुरुस्तीने काढून टाकला.

'आम्ही माळकरी, आमच्या डोक्यात जंत कसा?'

एमआरआयमध्ये 'जंताची गाठ' निघाली की शाकाहारी घरात अपमान झाल्यासारखं वाटतं. आपल्याकडे फिटचं हे एक नेहमीचं कारण आहे. डुकराचं कच्चं राहिलेलं मांस खाणाऱ्याच्या आतड्यात पट्टकृमी वाढतो आणि त्याची अंडी त्या माणसाच्या शौचातून बाहेर पडतात. ती अंडी सांडपाण्यातून शेतात आणि शेतातून मेथी, कोथिंबीर, मुळा, गाजरावर येतात. पोटात गेलेल्या अंड्यातून निघालेली अळी रक्तातून मेंदूत जाऊन बसते. म्हणजे मांस एकाने खाल्लं आणि गाठ कोशिंबीर खाणाऱ्याला झाली. पालेभाजी वाहत्या पाण्याखाली पान न् पान चोळून धुवायची, मुळा-गाजर कच्चं खायचं तर सोलून. शिजवलं की अंडी मरतात. एकटी गाठ अनेकदा काही महिन्यांत विरते, पण फिटच्या गोळ्या तोवर लागतात. जंताचं औषध दुकानातून आणून घेऊ नका. अळी मरताना मेंदूला सूज येते, म्हणून ते स्टेरॉइडच्या आडोशाने आणि डॉक्टरांच्या नजरेखाली देतात.

दिवसांत वाढलेलं: जीबीएस

आता सुरुवातीच्या मुंग्या. जीबीएसमध्ये शरीराची संरक्षण यंत्रणा चुकून नसांवरच्या आवरणावर हल्ला करते. बऱ्याचदा एक ते तीन आठवड्यांपूर्वी जुलाब किंवा सर्दी-ताप होऊन गेलेला असतो. पुण्याच्या साथीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा दूषित पाण्यातून आणि कच्च्या चिकनमधून येणारा जिवाणू सापडला होता. एकाचा आजार दुसऱ्याला लागत नाही.

चाल ठरलेली असते. दोन्ही पाय एकदम, आज जिना चढताना जड, उद्या खुर्चीतून उठायला हाताचा आधार, परवा हातही ढिले. दिवसागणिक वर चढणारा अशक्तपणा हीच खूण. नुसत्या मुंग्या आणि ताकद शाबूत, तेही महिनोन्महिने, तर मधुमेह किंवा बी-१२ आधी तपासा. शंका असेल तर एका श्वासात मोठ्याने एक ते वीस अंक मोजायला लावा. पंधराच्या आत धाप लागली तर श्वासाचे स्नायू दमत असू शकतात, आणि मग व्हेंटिलेटर असलेलंच रुग्णालय गाठायचं. इम्युनोग्लोब्युलिन (प्रतिपिंडांचं इंजेक्शन) पाच दिवस किंवा रक्तद्रव बदलणं, दोन्ही उपचार सारखेच गुणकारी आहेत. बहुतेक जण पुन्हा चालतात, पण त्याला महिने लागतात.

वर्षांत मुरलेलं: थरथर आणि विसर

हात थरथरला की 'कंपवात' ठरवून मोकळं होतात. कंपवात, म्हणजे जेम्स पार्किन्सन यांनी १८१७मध्ये वर्णन केलेला आजार, यात हात मांडीवर स्वस्थ असताना थरथरतो आणि काही धरायला गेलं की कमी होतो. चहाचा कप उचलताना, सही करताना थरथरणारा हात बहुधा वेगळ्या आणि कमी गंभीर कंपाचा असतो. कंपवाताची खरी खूण मंदपणा. अक्षर बारीक होत जातं, चालताना एक हात हलेनासा होतो, शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो.

त्यावरची लेव्होडोपाची गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यायची असते, आणि यामागचं कारण मजेशीर आहे. डाळ, दूध, अंड्यातली प्रथिनं आणि ही गोळी, दोघांनाही आतड्यातून आणि मेंदूच्या वेशीतून आत नेणारी सिटीलिंकची बस एकच. वरणभातानंतर गोळी घेतली तर जागा आधीच भरलेल्या असतात. मग 'औषध लागू पडत नाही' म्हणून डोस वाढवला जातो.

साठी बुद्धी नाठी, ही म्हण ज्याने केली त्याने बी-१२ तपासलेलं नव्हतं. विसरभोळेपणा दरवेळी अल्झायमर नसतो. बी-१२ची कमतरता (शाकाहारी, शिवाय मधुमेहावरची मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं घेणारे), थायरॉइड, नैराश्य ही सुधारता येणारी कारणं आधी बघायची. इथेही वेग विचारा. आजोबा वर्षभरात हळूहळू विसरायला लागले ही एक गोष्ट. महिन्यापूर्वी मोरीत घसरले, डोक्याला किरकोळ लागलं, आणि गेल्या आठवड्यापासून झोपाळू आणि गोंधळलेले आहेत, ही अगदी दुसरी. कवटीखाली सावकाश रक्त साठलेलं असू शकतं आणि ते छोट्या छिद्रातून काढता येतं.

तपासणीला जाताना फिटचा मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ न्या. दोन फिटांच्या मधल्या काळात काढलेला ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) पुष्कळदा नॉर्मल येतो, त्यामुळे व्हिडिओ जास्त सांगून जातो. आणि घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत भरून न्या, अगदी चक्करेच्या आणि ॲसिडिटीच्यासुद्धा. सिनारिझिन, फ्लुनारिझिन, मेटोक्लोप्रामाइड, लेव्होसल्पिराइड ही औषधं महिनोन्महिने चालू राहिली तर हुबेहूब कंपवात उभा करतात. डॉक्टरांच्या सांगण्याने ती थांबवली की काही आठवड्यांत ते काही महिन्यांत बहुतेकांची थरथर ओसरते. चिठ्ठी मात्र अनेकदा चार वर्षांपूर्वीची असते, मेडिकलवाला ओळखीचा असतो आणि गोळी चालूच राहते.